लोहस्तंभाचा अभिमान आणि दारातल्या गाडीचा गंज

दिल्लीच्या मेहरौलीतील लोहस्तंभाची बातमी आली की प्रतिक्रियांमध्ये ‘पूर्वजांची गूढ विद्या’ हे शब्द हमखास उमटतात. सुमारे 1600 वर्षे ऊनपाऊस सोसणाऱ्या या स्तंभाचा अभिमान मलाही आहे. परंतु त्याला गूढ म्हणून थांबणे मला मान्य नाही.

आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी या स्तंभाचा सखोल अभ्यास केला. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादाच्या तुलनेत पुष्कळ अधिक आहे. पृष्ठभाग वारंवार भिजतो आणि वाळतो, तसा तेथे लोह-फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर तयार होतो. तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्यात वाटा आहे.

मोटारीच्या पत्र्याचे नेमके उलटे घडते. रंगाचा टवका उडाला की ओलाव्यात तेथे सूक्ष्म विद्युत-रासायनिक घट सुरू होतो. खारी हवा त्याला वेग देते. निर्माण होणारा गंज सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून भोवतालचा रंग फुगून सुटतो. अशा डागावर नुसता रंग फासणे म्हणजे चालू घट झाकून ठेवणे होय.

घरी उपाय करायचा तर कोरडा दिवस निवडावा. चकचकीत धातू दिसेपर्यंत डाग पॉलिश पेपरने घासावा. खळग्यांत उरलेल्या गंजावर, हातमोजे व चष्मा घालून, फॉस्फोरिक आम्लयुक्त रस्ट कन्व्हर्टर लावावा. तो वाळल्यावर प्रायमर, रंग आणि शेवटी क्लिअर कोट द्यावा. उघडा धातू रात्रभर तसाच ठेवू नये. पत्रा आरपार खाल्ला गेला असेल, तर मात्र गॅरेज गाठावे. पावसाळ्यानंतर गाडीचा तळ धुणे आणि दारांच्या खालच्या कडेची निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवणे, हा खरा प्रतिबंध.

आता त्या बाटलीतील आम्ल काय करते ते पाहा. ते गंजाचे रूपांतर लोह-फॉस्फेटमध्ये करते. स्तंभाला शतकानुशतके राखणारे संयुग याच कुळातले आहे!

विद्यार्थीमित्रांनो, ‘गूढ’ म्हटले की प्रश्न तेथेच संपतो. ‘का?’ विचारले, तर मेहरौलीचे रसायन आपल्या अंगणातही कामी येते. पूर्वजांचा याहून मोठा सन्मान मला तरी सुचत नाही.