वेधशाळेची सबब

प्रचंड वेधशाळेवांचून आकाशांत नवें कांहीं सांपडत नाहीं, असें आमचे सुशिक्षित बंधु म्हणतात. आमच्या मतें ही निव्वळ सबब होय. सप्तर्षींतील वसिष्ठ-मरीचींजवळच्या एम १०१ या सर्पिल दीर्घिकेंत १९०९ पासून २०२३ पर्यंत पांच ताऱ्यांचे स्फोट नोंदले गेले. पैकीं २०११ चा पॅलोमारच्या वेधशाळेनें हेरला, हें आम्हांस मान्य आहे. परंतु १९ मे २०२३ रोजीं पांचवा प्रथम कोणीं पाहिला? जपानांतील कोइची इतागाकी या हौशी निरीक्षकानें! सुमारे २ कोटी १० लक्ष वर्षें प्रवास करून आलेल्या त्या प्रकाशानें पाहणाराचा हुद्दा विचारला नाहीं. दुर्बीण विकत मिळते. रात्रीमागून रात्र आकाश न्याहाळण्याची चिकाटी मिळत नाहीं. आमच्यांत वाण आहे ती तिची.