थायरॉईड काढल्यावर गोळीचा ब्रँड बदलतो तेव्हा

फ्रान्समध्ये सुमारे ३० लाख लोक थायरॉईडची एकच गोळी घेत होते. मार्च २०१७ मध्ये मर्क कंपनीने ‘लेव्होथायरॉक्स’ नावाच्या या गोळीत बदल केला. मूळ औषध, म्हणजे लिव्होथायरॉक्सिन, तेच होते आणि मात्राही तीच होती. बदलले ते फक्त पूरक घटक. लॅक्टोज गेले आणि त्याऐवजी मॅनिटॉल व सायट्रिक ॲसिड आले. साठवणुकीत औषधाची ताकद टिकावी म्हणून हा बदल खुद्द तिथल्या औषध नियंत्रकांनीच मागितला होता. पण काही महिन्यांतच थकवा, चक्कर, केसगळती, पायात गोळे येणे अशा हजारो तक्रारी आल्या. अभिनेत्री ॲनी द्युपेरे यांनी आरोग्यमंत्र्यांना जाहीर पत्र लिहिले. सरकारला अखेर जुन्या घटकांची गोळी देशाबाहेरून आणावी लागली. प्रकरण न्यायालयात गेले. २०२० मध्ये लिऑनच्या अपील न्यायालयाने तीन हजारांहून अधिक रुग्णांना प्रत्येकी १,००० युरो भरपाई देण्याचा आदेश दिला आणि २०२२ मध्ये तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कायम झाला. दोष होता तो बदलाची माहिती रुग्णांना नीट न दिल्याचा.

मग नवी गोळी वाईट होती का? सरकारी यंत्रणांनी २० लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्या. गंभीर आजार वाढल्याचे त्यात दिसले नाही. डॉक्टरकडच्या फेऱ्या मात्र वाढल्या होत्या. दुसरीकडे काही संशोधकांनी कंपनीच्याच २०४ निरोगी स्वयंसेवकांवरील चाचणीचे आकडे पुन्हा मांडून पाहिले. दोन्ही गोळ्यांची सरासरी जुळत होती, पण एकेका व्यक्तीचा आकडा पाहिला तर निम्म्याहून अधिक जण ठरलेल्या मर्यादेच्या बाहेर पडत होते. यावर आक्षेपही आहे: तीच गोळी त्याच माणसाला दोनदा दिली तरी रक्तातले प्रमाण थोडे वेगळे येऊ शकते. वाद पूर्ण मिटलेला नाही.

या वादात सर्वात नाजूक बाजू असते ती ज्यांची अवटू ग्रंथी शस्त्रक्रियेत पूर्ण काढलेली आहे त्यांची. थायरॉईड कमी झालेल्या अनेकांची ग्रंथी निदान थोडीफार काम करत असते. गोळीत थोडे कमी पडले की मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवते आणि उरलेली ग्रंथी जमेल तेवढी भर घालते. पूर्ण ग्रंथी काढलेल्यांत टीएसएच कितीही वाढला तरी त्याला दाद द्यायला कोणी नसते. स्वित्झर्लंडमधील सर्जन थिओडोर कोखर यांना हे १८८३ मध्येच उमगले होते. पूर्ण ग्रंथी काढलेले त्यांचे रुग्ण सुजलेले, मंद आणि थंडीने गारठलेले दिसू लागले होते. तेव्हा गोळी नव्हती. आज आहे, पण सगळा भार तिच्यावरच आहे. ग्रंथी पूर्ण काढलेल्या प्रौढांना साधारणपणे किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला दिवसाला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. औषध इतके सूक्ष्म असल्यामुळेच अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००७ मध्ये नियम कडक केला: मुदत संपेपर्यंत गोळीतले औषध लेबलवरच्या आकड्याच्या ९५ ते १०५ टक्क्यांतच राहिले पाहिजे.

आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने चिठ्ठीवर औषधाचे जेनेरिक नावच लिहिण्याची सक्ती केली आणि गदारोळ झाल्यावर त्याच महिन्यात नियम स्थगित ठेवले. चर्चा झाली ती स्वस्त की महाग एवढीच. स्वस्त औषधाला विरोध करण्याचे मला कारण दिसत नाही. जन्मभर रोज घ्यायची गोळी परवडलीच पाहिजे. पण ‘ती कंपनी संपली, ही घ्या, सेमच आहे’ असे म्हणत दर दोन महिन्यांनी नवी बाटली हातात देणे ही वेगळी गोष्ट आहे. जेनेरिक असो वा ब्रँडेड, एक गोळी ठरवावी आणि तीच चालू ठेवावी. बदलावी लागलीच तर डॉक्टरांना कळवून सहा आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावा. सहाच का? हे औषध रक्तात निम्मे व्हायला साधारण सात दिवस लागतात. नवी पातळी स्थिरावून टीएसएचमध्ये दिसेपर्यंत तेवढा वेळ जातो. एखाद्या दिवशी गोळी चुकली तर घाबरू नये, तेही याच कारणाने.

लॅबचा अहवालही अनेकदा गोंधळात टाकतो. थायरॉईडच्या कर्करोगानंतर काही रुग्णांचा टीएसएच मुद्दाम कमी ठेवला जातो, जास्त जोखीम असेल तर ०.१ च्याही खाली. अहवालात मात्र त्यापुढे ठळक ‘लो’ छापून येते आणि मूळ केस ठाऊक नसलेला डॉक्टर डोस कमी करून टाकतो. याउलट साध्या गाठीसाठी ग्रंथी काढलेल्या बाईचा टीएसएच विनाकारण दाबून ठेवला तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि पाळी गेल्यानंतर हाडे विरळ होण्याचा धोका वाढतो. कागदावरचा आकडा सारखाच असला तरी अर्थ उलटा.

घरात गोळीची गाठ पडते ती चहाशी. गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यायची आणि चहा, कॉफी निदान अर्ध्या तासाने. शस्त्रक्रियेत शेजारच्या चिमुकल्या पॅराथायरॉईड ग्रंथींना धक्का लागला तर कॅल्शियम उतरते आणि बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, म्हणून कॅल्शियमच्या गोळ्याही सुरू होतात. नेमके हेच कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात शोषू देत नाही. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे. लोहाच्या गोळीचेही तसेच. सकाळचे हे गणित जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर तीन तासांनी गोळी घेता येते; निर्जळी उपवास करणाऱ्यांना किंवा रोजे ठेवणाऱ्यांना ते सोयीचे पडते. दिवस राहिले तर मात्र पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण गरज सुरुवातीपासूनच वाढते. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात गोळ्यांची बाटली पत्र्याखालच्या फळीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. हे औषध उष्णता आणि ओल दोन्हींना कच्चे आहे.

एवढे करूनही काही जण म्हणतात, आकडे बरोबर आहेत, पण मला पूर्वीसारखे वाटत नाही. घरचे याला आळस म्हणतात. ग्रंथी थायरॉक्सिनबरोबर थोडे टी-थ्री हे संप्रेरकही थेट रक्तात सोडते. गोळी घेणाऱ्यात ते सगळे थायरॉक्सिनपासूनच तयार व्हावे लागते. टी-थ्री वेगळे दिल्याने बरे वाटते का, यावर झालेल्या चाचण्यांतून सर्वांना लागू पडेल असे उत्तर निघालेले नाही. पण तक्रार ऐकून रक्तक्षय, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि झोप एवढे तरी तपासायला हवे.

हे सगळे डिस्चार्ज कार्डावरच्या तीन ओळींनी सोपे होईल: ग्रंथी पूर्ण काढली की अर्धी, कशासाठी काढली आणि टीएसएच किती ठेवायचा आहे. अर्धी ग्रंथी उरलेल्या अनेकांना गोळी लागतही नाही. सध्या बहुतेक कार्डांवर ‘गोळी १०० एमसीजी, रोज एक’ एवढेच असते. पुढच्या तपासणीला जाताना या तीन ओळी डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि गोळ्यांची सध्याची बाटली सोबत न्या.