स्वाभिमानाचे भांडवल

व्यापारी कुटुंबांत ‘मान’ हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. लग्नकार्यात मान राहिला पाहिजे, असे वडीलधारे म्हणतात तेव्हा तो सन्मान असतो. क्रोध, मान, माया, लोभ अशी गणना होते तेव्हा तोच शब्द कषाय ठरतो. त्याज्य मान कोणता आणि माणसाला ताठ उभा ठेवणारा स्वाभिमान कोणता, हे म्हणूनच पारखून घ्यावे लागते.

वाणिज्याच्या भाषेत सांगायचे, तर अभिमान हे उसने भांडवल आहे. लोकांची वाहवा थांबली की तो बुडतो. स्वाभिमान हे स्वतःचे भांडवल. ते सचोटी आणि श्रम यांतून साठते आणि तोट्याच्या वर्षीही शिल्लक राहते.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद (1882–1953) यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. 5 एप्रिल 1919 रोजी सिंधिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. समुद्रावर ब्रिटिश कंपन्यांची सत्ता होती. त्यांनी भाडी पाडली. पुढे कंपनी विकत घेण्याचा प्रस्तावही दिला. वालचंद आणि त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी यांनी तो नाकारला. मात्र लढाई लगेच जिंकली गेली, असे झाले नाही. 1923 मध्ये ‘लॉयल्टी’ मोडीत निघाले आणि त्याच वर्षी कंपनीला किनारी वाहतुकीपुरते मर्यादित राहण्याचा करार स्वीकारावा लागला. जहाज गेले, अटी जाचक होत्या; पण कंपनी टिकली. तिच्याच विशाखापट्टणमच्या गोदीतून 1948 साली ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले. विकण्यास नकार देणे हा जसा स्वाभिमान होता, तसाच माघार पचवून काम चालू ठेवणे हाही स्वाभिमानच होता.

आज अनेक पेढ्यांवर नेमके उलटे घडते. तोटा आला की पहिली धडपड तो झाकण्याची असते. घरच्यांनाही सांगितले जात नाही. चढ्या व्याजाने रक्कम उचलून लग्नसमारंभ थाटात होतो आणि ते व्याज पुढे दुकानच गिळते. याउलट जो व्यापारी वेळीच वह्या उघडून देणेकऱ्यांसमोर बसतो, खर्च आखडतो आणि मुदत मागतो, त्याची पत बहुधा टिकते; कारण धनकोला खोट्या थाटापेक्षा खरा हिशेब अधिक विश्वासार्ह वाटतो.

संवत्सरीला हात जोडून क्षमा मागताना कोणीही स्वतःला लहान समजत नाही. अडचणीच्या दिवसांत मुदत मागतानाही तसे समजण्याचे कारण नाही. निदान घरातील मंडळींना तरी पेढीची खरी स्थिती ठाऊक असावी. तेथूनच सावरण्यास आरंभ होतो.