अर्धवट किटचा खरा भाव

अर्ध्यावर राहिलेलं अॅम्प्लिफायरचं किट विकायला काढलं की पहिला पेच भावाचा. न उघडलेल्या किटचा भाव ठरवणं सोपं, आणि वाजता अॅम्प्लिफायर ऐकवून विकता येतो. मधल्या अवस्थेतल्या किटमध्ये विकणाऱ्याला आपली मेहनत दिसते. घेणाऱ्याला मात्र दुसऱ्याच्या हातचं सोल्डरिंग दिसतं. एखादा ड्राय सोल्डर राहिला असेल तर तो शोधायचं काम त्याच्या माथी. म्हणून माझं स्टिरिओ किट गेल्या महिन्यात विकताना मी मजुरीचा एक रुपयाही धरला नाही.

किट एलएम३८८६ या चिपचं होतं. एका चॅनलला एक चिप, तिला अकरा पाय. भोवती मोजके रेझिस्टन्स आणि कपॅसिटर, पण आवाज असा स्वच्छ की घरी अॅम्प्लिफायर बांधणारे आजही या चिपवर जीव टाकतात. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीतून जमवलेले, ट्रान्सफॉर्मर १८-०-१८चा. रेक्टिफायर आणि कपॅसिटरनंतर त्यातून साधारण अधिक-उणे २५ व्होल्ट मिळतात. आठ ओहमच्या स्पीकरला पंचवीस-तीस वॅट, म्हणजे आपल्याकडच्या हॉलला भरपूर. एका चॅनलचा बोर्ड पूर्ण झाला होता, दुसऱ्यावर फक्त रेझिस्टन्स बसले होते. घरात एक चांगला अॅम्प्लिफायर रोज वाजतो आणि माझा वेळ आता ऐकण्यात जातो, म्हणून ते जाऊ द्यायचं ठरवलं.

भाव असा लावला. ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक म्हणजे तांबं आणि अॅल्युमिनियम. त्यांची किंमत टिकते, ती जवळजवळ पूर्ण धरली. पाकिटातली न वापरलेली चिप बाजारभावाने. मोठे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर निम्म्याने, कारण वर्षानुवर्षं व्होल्टेज न मिळाल्यास त्यांच्या आतला ऑक्साइडचा थर कमकुवत होतो आणि गळती वाढते. भरलेला बोर्ड हिशेबातच घेतला नाही.

खरं काम त्यानंतरचं होतं: सोबत द्यायचा कागद लिहिणं. अमेरिकेतल्या बेंटन हार्बरच्या हीथकिट कंपनीने १९४७ साली ऑसिलोस्कोपचं किट काढलं आणि पुढे कित्येक घरांना हातात सोल्डरिंग आयर्न धरायला शिकवलं. त्यांच्या माहितीपुस्तिकेत प्रत्येक पायरीआधी एक रिकामा कंस छापलेला असे. पायरी झाली की त्यात खूण करायची. ही वायर आत्ता सोल्डर करा की नुसती अडकवून ठेवा, हेसुद्धा लिहिलेलं असे. त्यामुळे काम कुठे थांबलं आहे हे खुणा पाहून कोणालाही कळे. किटच्या रचनेतच पुढच्या हाताची सोय होती. मला ती फार मोलाची वाटते.

मी त्याच रीतीने लिहिलं. कोणते भाग बसले, कोणते पाकिटात, कोणता भाग मूळ यादीपेक्षा वेगळ्या व्हॅल्यूचा घेतला आणि का. चिपच्या पाठीचा पत्रा उणे पुरवठ्याला आतून जोडलेला आहे, म्हणून हीटसिंकवर बसवताना मधे अभ्रकाची चकती हवीच. आठव्या पायातून किमान अर्धा मिलिअँपिअर प्रवाह वाहिला नाही तर चिप म्यूटच राहते, तेव्हा आवाज आला नाही म्हणून लगेच ती जळाली असं समजू नये. पहिल्यांदा पॉवर देताना सिरीजमध्ये साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावावा: क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

घ्यायला आला तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातला मुलगा. त्याने मल्टिमीटर आणला होता, ते पाहूनच बरं वाटलं. ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग तपासली, भाग यादीशी ताडून पाहिले आणि मग विचारलं, ‘‘काका, हा भरलेला बोर्ड चालेल ना?’’

‘‘पॉवर दिलेली नाही, त्यामुळे चालतो असं म्हणणार नाही. शॉर्ट नाही, एवढं मीटरवर पाहिलंय. तू एकेक जॉइंट परत बघ.’’

त्याने भावात घासाघीस केली नाही. कागद दोनदा वाचला आणि त्याचा फोटो काढून घेतला. ‘जवळजवळ पूर्ण आहे’ असं मोघम सांगून चार पैसे जास्त मिळाले असते. पण शिकणाऱ्या मुलाच्या हातात न तपासलेली वस्तू ‘चालू’ म्हणून देणं हा त्याच्या शिकण्यावर घातलेला घाव आहे. वाजलं नाही की तो स्वतःच्या हाताला दोष देतो आणि कदाचित पुन्हा आयर्न गरम करत नाही.

तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग आजही मिळतात. अनेक माळ्यांवर मात्र असे खोके पडून आहेत, आणि त्यातले कपॅसिटर दरवर्षी आणखी म्हातारे होत आहेत. तुमच्या घरी असं किट असेल तर ते भंगारात घालू नका. काय झालं, काय राहिलं, कशाला जपायचं हे स्वच्छ अक्षरात लिहा आणि रास्त भावात शिकणाऱ्याला द्या. व्हॉल्व्हचं किट असेल तर ठळक लिहा, की त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट धरून राहतात. एवढ्या माहितीनिशी विकलेलं अर्धवट किट पूर्ण होण्याची शक्यता माळ्यावरच्या किटपेक्षा कितीतरी जास्त असते, आणि किट पूर्ण होण्यासाठीच असतं.