उघडे टर्मिनल आणि व्यापाऱ्याचा माल

टेम्पोत माल भरताना आम्ही व्यापारी सारे काही पाहून घेतो. गठ्ठे मोजून चढले ना, ताडपत्री फाटकी नाही ना, दोर आवळले ना, बिल्टी बरोबर आहे ना. परंतु हौद्याखाली चासीला लावलेल्या पेटीत बॅटरी असते, तिच्या प्लस टोकावर रबरी टोपी आहे की नाही, हे वाकून कोणी पाहत नाही. विट्याच्या मागांवरचे कापड असो की साताऱ्याच्या पेठेत जाणारे तागे असोत, माल लाखाचा आणि त्याच्या बुडाशी थोडक्या पैशांची टोपी गायब, अशी आपली तऱ्हा आहे.

या बाबतीत शर्यतीच्या मोटारींकडून धडा घेण्यासारखा आहे. शर्यत म्हटली की बेफाम वेग डोळ्यांसमोर येतो, पण तिथली शिस्त फार कडक असते. एफआयए या जागतिक मोटार संघटनेच्या नियमानुसार बॅटरी घट्ट बसवलेली हवी आणि शॉर्ट होऊ नये, गळू नये अशी झाकलेली हवी. गाडीतील सारी वीज एकदम तोडणारा मुख्य स्विच हवा आणि तो बंद करताच इंजिनही थांबले पाहिजे. बंद टपाच्या गाड्यांत तो आतून चालतो तसा बाहेरूनही चालावा लागतो. बाहेर पांढऱ्या किनारीच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीची खूण असते. गाडी उलटली, चालक अडकला, तर धावत आलेल्या माणसाला स्विच शोधत बसावे लागू नये, हा त्यामागचा विचार आहे.

ही केवळ परदेशातली गोष्ट नव्हे. आपल्या देशात 2007 पासून इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बाहा’ स्पर्धा होत आहे. सांगलीचे वालचंद किंवा कराडचे शासकीय कॉलेज यांसारख्या ठिकाणी शिकणारी मुले अशा स्पर्धांसाठी स्वतः गाडी बांधतात. तपासणीत गाडी उतरली नाही, तर ती मैदानात सोडत नाहीत. मुलांच्या गाडीसाठी एवढी खबरदारी, मग कापडाने भरून रात्री विट्याहून इचलकरंजीला निघणाऱ्या टेम्पोसाठी ती का नको?

यावर गॅरेजात ठरलेले उत्तर मिळते, “बारा व्होल्टला काय भ्यायचे? हात लावून पाहा, झटकाही बसत नाही.” झटका बसत नाही हे खरे, पण धोका झटक्याचा नाहीच, धोका आगीचा आहे. घरातल्या मोठ्या प्लगातून 15-16 अँपिअर करंट जातो. तीच गाडीची बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो अँपिअर सोडते. प्लस टोकावरचा पाना बॉडीला टेकला की तो तापून लाल होतो, वायरचे प्लॅस्टिक वितळते. बोटात अंगठी असेल तर बोट भाजते. शिवाय चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी एका ठिणगीने भडकतो. आणि वर असतो आपला कापसाचा माल.

खड्ड्यात गाडी आदळली, ढिली बॅटरी उचलली गेली, पेटीचे पत्र्याचे झाकण उघड्या टोकावर टेकले की काम तमाम. स्टार्टरच्या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो, म्हणून तिथे वाचवणारे दुसरे काही नाही.

उपाय सोपे आहेत, पण नीट केले पाहिजेत. काम सुरू करताना आधी मायनस काढावा आणि शेवटी मायनसच जोडावा, म्हणजे प्लसवर पाना चालवताना तो बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. हातातली अंगठी, धातूचा पट्टा काढून ठेवावा. टोकावरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, लग आवळावा, वर पेट्रोलियम जेली लावावी आणि मापाची टोपी घट्ट बसवावी. चिकटपट्टी गुंडाळून भागत नाही. उष्णतेने तिचा गोंद सुटतो. जुन्या ट्यूबचा तुकडा तेलाने फुगतो आणि सरकतो. केबल पत्र्यातून जाते तिथे रबरी कडी हवी. बॅटरी पट्टीने आवळलेली हवी. मात्र तिला चहूबाजूंनी हवाबंद करू नये, वायूला वाट हवी. मुख्य स्विच जाणत्या वायरमनकडूनच बसवावा. साधा स्विच चालू इंजिनवर उगाच बंद केल्यास अल्टरनेटर जळू शकतो, हे चालकाला सांगून ठेवावे.

बॅटरीच्या रिक्षांत हा प्रश्न आणखी वाढतो. शिशाच्या चार बॅटऱ्या जोडून 48 व्होल्ट करतात, तिथे एकाऐवजी आठ टोके उघडी राहतात. दुकानातल्या इन्व्हर्टरचेही तेच. त्याच्या डोक्यावर ताग्यांची फळी रचणारे व्यापारी आपल्यातच आहेत.

आता जिम्मेदारी कोणाची, हा खरा सवाल आहे. आमच्या मते ती वाटून घेतली पाहिजे. मिस्त्री म्हणतो, गिऱ्हाईक पैसे देत नाही. गाडीवाला म्हणतो, व्यापारी भाडे तोडतो. आणि आम्ही व्यापारी भाड्यात शंभर-दोनशे वाचवल्याच्या खुशीत असतो. ही बचत नव्हे. विम्याचे पैसे मिळाले तरी लगीनसराईचा हंगाम हातून जातो, आणि चालकाचा भाजलेला हात कोणत्याही विम्याने पूर्ववत होत नाही. गॅरेजात पाना धरायला शिकणारी पोरे तर आपल्याच मोहल्ल्यातली असतात. उस्ताद जे करतो तेच ती उचलतात.

म्हणून आमची सूचना साधी आहे. मिस्त्री बांधवांनी टोपी आणि पट्टी बिलात वेगळी मागू नये, कामाचाच भाग धरावी आणि उघड्या टोकाची गाडी गॅरेजातून सोडू नये. गाडीवाल्यांनी दर महिन्याला पेटी उघडून पाहावी. आणि व्यापाऱ्यांनी भाडे ठरवताना बॅटरी झाकलेली आहे का, हे आधी विचारावे. झाकलेली असेल त्या गाडीला दोन पैसे जास्त द्यावेत; नसेल त्या गाडीत माल चढवू नये. मागणी आमच्याकडून आली, तर सांगली-साताऱ्यातल्या प्रत्येक गॅरेजात या टोप्या टांगलेल्या दिसायला फार दिवस लागणार नाहीत.