‘निर्जन’ किनाऱ्याची वहिवाट

मराठी प्रवासलेखनातला सर्वांत खोटा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी ‘निर्जन’ म्हणेन. ‘अस्पर्श’ आणि ‘अनाघ्रात’ ही त्याचीच भावंडं. किनाऱ्याबद्दल लिहायला बसलं की हे तिघे न बोलावता हजर होतात. पुळण कोकणातली असो, गोव्यातली असो की कारवारकडची, लेखकाचं पाऊल पडलं की ती निर्जन होते. मग एखादा कोळी खांद्यावर जाळं घेऊन वाक्यात येतो. तोही माणूस म्हणून येत नाही. मावळत्या सूर्यापुढे एक काळी रेघ हवी असते म्हणून येतो.

ही शैलीची चूक आहे असं समजून मी बरीच वर्षं गप्प होते. भाषांतर हा माझा व्यवसाय. त्यामुळे शब्द कुठून येतात याइतकंच ते पुढे कुठे जातात हेही पाहण्याची सवय लागली आहे. हा शब्द फार लांब जातो. किनारा आधी वर्णनात रिकामा होतो, मग सरकारी कागदावर, आणि मग खरोखरच. या तीन पायऱ्यांपैकी पहिली आपण, म्हणजे लिहिणाऱ्यांनी बांधलेली आहे.

मी आनेकलला राहते. इथून समुद्र एका रात्रीच्या प्रवासाइतका दूर आहे, पण दर शुक्रवारी संध्याकाळी पाठीवर पिशव्या लावलेली तरुण मुलं त्याच समुद्राकडे निघालेली दिसतात. जिगणी, बोम्मसंद्र, इलेक्ट्रॉनिक सिटी अशा ठिकाणी आठवडाभर काम करून ही मुलं रात्रीच्या बसनं गोकर्णला जातात. तिथे ‘बीच ट्रेक’ असतो: बेलेकानपासून पॅराडाइज, हाफ मून आणि ओम या किनाऱ्यांवरून कुडलेपर्यंत. वाट सुंदर आहे, यात वाद नाही. थोडी वाळू, मग जांभ्या दगडाचा चढ, झुडपांतून जाणारी पायवाट, पुन्हा खाली उतरून दुसरी वाळू. दोन-तीन तासांत जमिनीचे चार-पाच प्रकार पायाखालून जातात. चालण्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलांनी जरूर चालावं. तक्रार आहे ती या सहलींच्या जाहिरातींतल्या ‘व्हर्जिन बीच’ या दोन शब्दांबद्दल, आणि ते जसेच्या तसे उचलून ‘अस्पर्श किनारा’ लिहिणाऱ्या मराठीबद्दल.

ज्या बेलेकानपासून ही वाट सुरू होते तिथे मासेमारीच्या होड्या लागतात. याच किनारपट्टीवर हालक्की वक्कल समाज राहतो. त्या समाजातल्या सुक्री बोम्मगौडा यांना २०१७ साली पद्मश्री मिळाली, ती आपल्या लोकांची गाणी जन्मभर गात राहून जपल्याबद्दल. ज्या किनाऱ्यावरच्या गाण्यांसाठी सरकार पद्मश्री देतं, तो शनिवारी सकाळी निर्जन कसा होतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

इंग्रजीतून मराठीत आणताना ‘निर्जन’चा एक मोठा भाऊ भेटतो. तो म्हणजे ‘नॅशनल पार्क’. समुद्रालगतच्या लांब पायवाटांवर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यातले काही लेख मी मराठीत आणले आणि प्रत्येक वेळी ‘राष्ट्रीय उद्यान’ असं लिहिताना हात अडखळला. वेल्समधलं पेम्ब्रोकशर कोस्ट नॅशनल पार्क १९५२ साली जाहीर झालं. त्यातली किनाऱ्याची पायवाट १९७० साली खुली झाली. लांबी सुमारे ३०० किलोमीटर. कडे, खाड्या, वाळू, गवताळ माथे, दलदल, सगळं त्या वाटेवर येतं. पण त्याच वाटेवर गावं, शेतं आणि बंदरंही येतात, मेंढ्या चरतात, कुणाच्या तरी कुंपणाचं फाटक उघडून पलीकडे जावं लागतं. पार्कातली बहुतेक जमीन खासगी आहे. जमीन खासगी असूनही चालण्याचा हक्क सार्वजनिक आहे. ज्या कायद्यानं हे पार्क झालं तो १९४९चा. त्याच्या नावातच ‘नॅशनल पार्क्स’च्या जोडीला ‘ॲक्सेस टू द कन्ट्रीसाइड’ आहे. तो हक्कही कुणी दयेपोटी दिलेला नाही. १९३२ साली किन्डर स्काउटच्या डोंगरावर शिकारीसाठी राखलेल्या जमिनीत चालणाऱ्यांनी मुद्दाम घुसखोरी केली होती आणि त्यांतल्या काहींनी त्यासाठी तुरुंगवास भोगला.

आता आपलं राष्ट्रीय उद्यान पाहा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार एखादा भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून कायम करायचा तर तिथले लोकांचे हक्क आधी निकालात काढावे लागतात. गुरं चारायला बंदी असते. आत पाऊल टाकायला परवाना लागतो. म्हणजे तिकडे जो शब्द चालण्याचा हक्क देतो, तोच इकडे काढून घेतो. शब्दाला शब्द बरोबर बसतो आणि अर्थ उलटा होतो. वेल्सच्या वाटेवरचा लेख वाचून हरखलेला मराठी वाचक म्हणतो, ‘आपल्याकडेही किनाऱ्यावर असं एक राष्ट्रीय उद्यान हवं.’ त्याला बिचाऱ्याला ठाऊक नसतं की आपण नेमकं काय मागतो आहोत.

आनेकल तालुक्यात असल्या रेषेशेजारी मी राहते. बन्नेरघट्टा १९७४ साली राष्ट्रीय उद्यान झालं. हत्ती रेषा वाचत नाहीत. रागीचं पीक तयार झालं की ते शेतात उतरतात आणि शेतकरी रात्र-रात्र जागतात. या उद्यानाभोवतीचं संवेदनशील क्षेत्र २०१६च्या मसुद्यात सुमारे २६९ चौरस किलोमीटर होतं, २०२०च्या अंतिम अधिसूचनेत ते सुमारे १६९ झालं. शंभर चौरस किलोमीटर कागदावरून उठले. बंगळूरुसारख्या शहराच्या कडेला अशी जमीन मोकळी झाली की तिथे काय उगवतं, हे सांगायला भविष्यवेत्ता लागत नाही. आणि मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातले वारल्यांचे पाडे? उद्यान त्यांच्यानंतर आलं. तरी आपण अतिक्रमण केलेलं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं पाड्यांवरच राहिलं. ‘निर्जन’ या शब्दात माणसं सापडली की त्यांना ‘अतिक्रमण’ म्हणायचं, असा हा कोश आहे.

कोकणाच्या किनाऱ्यावर राष्ट्रीय उद्यान नाही. मालवणला १९८७ साली जाहीर झालेलं सागरी अभयारण्य आहे, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, आणि मच्छीमारांचा त्याला सुरुवातीपासून विरोध आहे. तरीही कोकणात किनाऱ्यानं चालणाऱ्याला जमिनीचे जितके प्रकार भेटतात तितके क्वचितच कुठे भेटत असतील, आणि त्या प्रत्येकाला मराठीत नाव आहे. वाळूची पुळण. भरतीचं पाणी शिरतं ते खाजण. नारळी-पोफळीचं आगर. वाड्यांना जोडणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. शेतांमधली पाणंद. दम काढणारी घाटी. आणि वर चढून गेलं की लांबच लांब उघडा कातळ, तो सडा. हे शब्द शोभेचे नाहीत. प्रत्येकाच्या आत माणसाचं काम आहे. रापण ओढायची तर पुळण मोकळी हवी; दोन्ही बाजूंना रांगेनं उभं राहून गाव दोर खेचतं. शिमग्यात पालखी घरोघर फिरते ती पाखाड्यांनीच. खाजणाचा बांध फुटला तर खारं पाणी भातात शिरतं, म्हणून तो दरवर्षी कुणीतरी घालतं.

एका संपादकांनी माझ्या भाषांतरातलं ‘खाजण’ काढून ‘दलदल’ केलं होतं आणि ‘सडा’च्या जागी ‘ओसाड पठार’. कारण दिलं की वाचकाला कळणार नाही. मी भांडले, हरले. पण वाचकाला ‘ट्रेल’ कळतं, ‘बेस कॅम्प’ कळतं, ‘सनसेट पॉइंट’ तर पाठच आहे, आणि त्याच्याच भाषेतलं ‘खाजण’ मात्र कळणार नाही, हा वाचकाचा अपमान आहे. दलदल कुणालाच नको असते. ती भरून टाकायची असते. ओसाड पठारावर काहीही बांधता येतं. संपादकांनी शब्द सोपे केले नव्हते, जमीन सोपी केली होती.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर सातबारा काढून पाहा. त्यात ‘पोटखराब’ असा एक रकाना असतो. वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य. वर्ग ब म्हणजे रस्ता, ओढा, तळं अशा सार्वजनिक कामासाठी राखलेलं. गंमत म्हणजे हाच रकाना आनेकलच्या कन्नड पहाणीतही आहे: ‘खराबु’, आणि त्याचेही अ आणि ब. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची पद्धत म्हैसूर संस्थानात आली आणि तिच्याबरोबर शब्दही आले. मराठीनं कन्नडला दिलेल्या शब्दांची यादी करून आपण सुखावतो, त्या यादीत हाही एक मांडून ठेवावा. जे नांगरता येत नाही ते खराब, हा तो विचार. सड्यावर मातीचा थर बोटभर, तेव्हा तो खराब. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही उघड्या खडकाला वेगळा वर्ग आहेच.

त्या ‘खराब’ सड्यावर पावसाळ्यात सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, किडे खाणारी दवबिंदूची रोपं उगवतात, गावची गुरं चरतात. त्याच सड्यांवर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हजाराहून अधिक कातळशिल्पं सापडली आहेत. कशेळीच्या सड्यावर कोरलेला प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. लेखनाच्या आधीच्या माणसानं जिथे उभं राहून कोरलं, त्या जागेला आपण ओसाड म्हणतो. २०२२ साली ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात बारसूही होतं. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३मध्ये, रिफायनरीसाठी बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं आणि गावातल्या बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. तेव्हा शहरातल्या कितीतरी सुशिक्षितांच्या तोंडी एकच प्रश्न होता: ‘पण तिथे आहे काय? नुसता कातळ तर आहे.’ हे वाक्य त्यांना कुणी शिकवलं? ते आमच्या प्रवासवर्णनांतून आलं.

यावर उत्तर येतं, की मग संरक्षण नकोच का, माणसं शिरली की निसर्ग संपतो. वेळासला जाऊन या. मंडणगड तालुक्यातल्या या गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. आधी जी अंडी खाल्ली वा विकली जात, ती गावानंच सांभाळली. पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला लोक येऊ लागले आणि गावातल्या घरांत उतरू लागले. वेळासची पुळण कासवांची आहे आणि गावाचीही आहे. त्यासाठी कुणाला हाकलावं लागलं नाही, कुणाला निर्जनतेची कविताही करावी लागली नाही.

दुसरं उत्तर येतं, की रस्ता होतोच आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावरून गाडीनं अख्खा किनारा पाहता येईल. येईल ना. गाडीच्या काचेतून सगळेच किनारे निर्जन दिसतात.

इंग्रजीतल्या ‘राइट ऑफ वे’साठी मी पूर्वी ‘मार्गाधिकार’ असा कोरडा शब्द वापरत असे, कोशांत तो सापडतो म्हणून. आता मी ‘वहिवाट’ लिहिते. त्या शब्दातच वाट आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालून जो हक्क झाला तो वहिवाटीचा. हा शब्द नुसता जुना नाही, जिवंत आहे: १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली शेताकडे जाणारी वाट कुणी अडवली तर शेतकरी आजही तहसीलदाराकडे दाद मागतो, आणि तिथे वहिवाटच तपासली जाते. किनाऱ्यालगतच्या पाखाड्या, पाणंदी, पुळणीवर उतरणाऱ्या वाटा यांची अशीच गाववार नोंद व्हायला हवी. ज्या दिवशी पुळणीवर उतरणारी वाट एखाद्या रिसॉर्टच्या भिंतीनं बंद होते, त्या दिवशी ‘इथून आम्ही जात होतो’ एवढं सांगून भागत नाही. कुठून, कशासाठी, कोण कोण, हे शब्दांत असावं लागतं.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. चालणाऱ्यांनी चालावं, पण ज्या वाटेनं चालतो ती कुणाची वहिवाट आहे हे विचारावं आणि लिहावं. भाषांतरकारांनी ‘नॅशनल पार्क’ला ‘राष्ट्रीय उद्यान’ म्हणताना निदान एक वाक्य खर्चून तिथला कायदा काय देतो ते सांगावं. संपादकांनी खाजणाला खाजण आणि सड्याला सडा राहू द्यावं. आणि ‘निर्जन’ लिहिण्याआधी प्रत्येकानं मागे वळून पाहावं: आपण आलो ती पायवाट कुणाच्या पायांनी झाली?