पिकअपचा अल्टरनेटर बदलताना

निलंग्याहून सोयाबीन भरून रात्रीच लातूरच्या आडतीवर निघता. पिकअपला जादा दिवे, टेप, पंखा जोडलेला असतो. 55 वॅटचे दोन दिवेच 12 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर खातात. बॅटरी उतरली की मिस्त्री मोठा अल्टरनेटर सुचवतो. बसवा खुशाल, पण आधी पट्टा ढिला नाही ना पाहा, पुष्कळदा रोग तोच. जुनी बारीक वायर ठेवू नका, तापून पेट घेईल. जाड घाला, फ्यूजसह.

खरी गोम पुढेच. बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला असतो. बिनपंपाचा आणलात, तर दिवे लख्ख लागतील, पण भरल्या गाडीचा ब्रेक दगडासारखा होईल. म्हणून दुकानात जाताना जुना सोबत न्या; पंप, तेलाची नळी जुळवूनच पैसे द्या.